मित्रासाठी वासुदेवाचा पोशाख घरी शिवतेय – घेर लोंबतोय, टोपी मागे पडतेय

टाचणी:
एका मित्रासाठी वासुदेवाचा पोशाख शिवायला घेतला आहे. तो दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात वासुदेव होऊन गाणार आहे. दोन्ही हात वर करून टाळ-चिपळ्या वाजवायच्या आहेत आणि मध्ये चार-पाच गिरक्याही आहेत. तीन आठवडे हातात आहेत. घरचं साधं पायमशीन आहे आणि कुर्ते-ब्लाउज शिवता येतात.

मापं: उंची ५ फूट ८ इंच, छाती ४०, कंबर ३६, खांदा १८, खांद्यापासून कंबर १७, बाही २४, डोक्याचा घेर साडेबावीस इंच. झगा गुडघ्याच्या थोडा खाली हवा. पांढरी चुडीदार विजार त्याच्याकडे आहे.

जुन्या चादरीवर एक कच्चा झगा करून पाहिला. आठ कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे कापडाचे उभे तुकडे), दोन्ही बाजूंना सारख्या तिरक्या. दोन गोष्टी बिघडल्या:
१) प्रत्येक जोडापाशी घेर खाली उतरतो, कळीच्या मध्यभागी वर राहतो. खालचा काठ छत्रीच्या टोकांसारखा दिसतो.
२) हात वर केले की सगळा झगा कंबरेपासून वर ओढला जातो.

टोपीचा नमुना पुठ्ठ्याचा केला, १८ इंच उंच, हनुवटीखाली इलास्टिक. गिरकी घेतली की ती मागे पडते. शिवाय मोरपिसं किती लागतील आणि ती चिकटवायची की शिवायची?

घेरदार:
आधी घेर, कारण कापड तिथेच जास्त जातं.

टोकं उतरण्याचं कारण भूमितीत आहे. कळीचा तिरका काठ मधल्या उभ्या रेषेपेक्षा लांब असतो. तुम्ही कळी खाली सरळ कापलीत, म्हणून जोडापाशी ती जादा लांबी खाली आली. त्यात दोन्ही काठ तिरके, म्हणजे उरेब. उरेबाला उरेब जोडला की तो जोड वजनाने आणखी ताणतो. दोन्ही दोष एकाच जागी येतात, म्हणून इतकं ठळक दिसतं.

उपाय असा, की कळी एका बाजूने सरळ आणि एका बाजूने तिरकी ठेवायची आणि प्रत्येक जोडात एकीचा सरळ काठ दुसरीच्या तिरक्या काठाला लावायचा. सरळ काठ ताणत नाही, तो तिरक्याला धरून ठेवतो.

तुमच्या मापाला बारा कळ्या घ्या. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडावर १९ इंच रुंद आणि साडेसत्तावीस इंच लांब असा आयत आखा. वरच्या काठावर डावीकडून ५ इंचांवर खूण, खालच्या काठावर डावीकडून १४ इंचांवर खूण, दोन्ही जोडून कापा. एका आयतात दोन कळ्या निघतात, वर ५ आणि खाली १४ इंच. उजवीकडचा तुकडा फिरवून घ्या, उलटा करू नका. फिरवला की त्याचाही सरळ काठ डावीकडेच येतो आणि बाराच्या बारा कळ्या एकाच हाताच्या होतात. पॉपलिनची सुलट-उलट ओळखू येत नाही, म्हणून कापतानाच प्रत्येक कळीच्या सुलट बाजूला वर खडूने खूण करा. एक कळी जरी पालथी लागली तरी तिथे सरळाला सरळ आणि शेजारी उरेबाला उरेब येतो आणि नेमका तोच भाग लोंबतो.

पन्ह्यात असे दोन आयत बसतात (३८ इंच) आणि ६ इंचांची उभी पट्टी उरते. ती गळ्याला आणि पुढच्या पट्टीला वापरा. तीन ओळी म्हणजे साडेब्याऐंशी इंच, साधारण २.१ मीटर. ३६ पन्हा घेऊ नका, त्यात एका ओळीत एकच आयत बसतो आणि जवळजवळ निम्मं कापड वाया जातं.

शिवताना दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड. वर प्रत्येक कळी ४ इंच राहते, म्हणजे कंबरेचा जोड ४८ इंच. खाली १३ इंच, म्हणजे घेर १५६ इंच, जवळपास ४ मीटर. गिरकीला हा पुरतो आणि पायात अडकत नाही.

तिरका काठ सरळ काठापेक्षा दीड इंच लांब भरेल. वरून जुळवत खाली या, खाली पायरी राहील ती राहू द्या. शिवताना तिरका काठ खाली, मशीनच्या दातांकडे ठेवा. दात खालचं कापड किंचित गोळा करतात, त्यामुळे उरेब ताणला जात नाही. वर ठेवलात तर दाबपट्टी त्याला पुढे ढकलते आणि जोडावर लाट येते.

खालचा काठ लगेच दुमडू नका. झगा पूर्ण जोडून हँगरला निदान २४ तास टांगा, मग मित्राला घालून उभं करा आणि जमिनीपासून १५ इंचांवर चहूबाजूंनी खडूने खुणा करा. त्याच्या उंचीला झगा गुडघ्याखाली येईल. शेला बांधूनच मोजा, शेला कंबरेला कापड थोडं वर उचलतो. दुमडीसाठी एक इंच सोडून पायऱ्या कापून टाका.

मुंढा१८:
घेराचं वर आलंच आहे. वरच्या भागाचं सांगतो, कारण हात वर केल्यावर झगा ओढला जातो तो काखेमुळे.

ब्लाउजसारखा गोल मुंढा (बाही जोडायचा काप) या झग्याला नको. जुन्या बंडी-अंगरख्याची पद्धत घ्या: पाठ आणि पुढा सरळ आयताकृती, बाही सरळ, काखेत चौकोनी कळी. पाठ आणि पुढा प्रत्येकी २५ इंच रुंद आणि १९ लांब. छाती ४० ला तयार घेर ४८ म्हणजे ८ इंच सैल, आणि तोच कंबरेच्या जोडाला जुळतो. कंबर ३६ आहे म्हणून जोड अरुंद करायचा मोह होईल. करू नका, झगा डोक्यावरून घालायचा असल्याने तो खांद्यांवरून उतरला पाहिजे. कंबर शेला आवळतो.

खांदा १८ आणि तयार रुंदी २४, म्हणजे प्रत्येक बाजूला ३ इंच खांदा बाहीवर उतरतो. बाही २४ ऐवजी २१ तयार ठेवा, मायेसह साडेबावीस. पाठ-पुढा कापल्यावर बाजूला जी १९ इंचांची पट्टी उरते तिच्यातच १८ इंच रुंदीच्या दोन्ही बाह्या निघतात. या भागाला १.२ मीटर लागतं. कळ्यांचं मिळून ३.३. कापड आटतं, म्हणून ४ मीटर घ्या.

काखेची कळी: ५ इंचांचा चौकोन, अर्धा इंच माया, तयार ४ इंच. चौकोनाचं एक टोक बाहीच्या जोडात, समोरचं टोक बगलेच्या शिवणीत. इथे चूक हमखास होते ती अशी: कोपऱ्यापर्यंत टीप मारत जातात. टीप कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबवा, सुई खालीच ठेवा, दाबपट्टी उचला, कापड फिरवा. मायेत टीप गेली तर कोपऱ्यात चिमटा पडतो आणि ओढ बसली की तिथूनच फाटतं. चारही कोपऱ्यांवर दुसरी टीप मारा.

गळ्याची पुढची चीर ९ इंच. डोक्याला साडेबावीस इंच घेर आहे, नुसत्या गोल गळ्यातून डोकं गेलं तरी काढताना टीप उसवते. बटणांपेक्षा दोन नाड्या बांधा, त्या या वेषाला शोभतातही.

कापड सुती पॉपलिन. मलमलीचा घेर सुंदर पडतो, पण दिव्यांखाली आरपार दिसतं. टेरिकॉट चुरगळत नाही म्हणून बरेचजण घेतात, पण ते कडक उभं राहतं, गाताना घामाने अंगाला चिकटतं आणि गिरकीत पायांना गुंडाळतं. पॉपलिन रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कापा. खळ निघते आणि आटायचं ते आधीच आटतं. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात झगा दीड-दोन इंच वर जातो आणि काठ ओढला जातो. सुई १४ नंबर, इंचाला १० ते १२ टाके.

टाचणी:
आयताची युक्ती कागदावर करून पाहिली, खरंच सगळ्या कळ्या एका हाताच्या येतात. काठाला लाल पट्टी लावायची आहे, दोन इंचांची. ती किती घेऊ?

घेरदार:
दोन इंच नको, एक इंच घ्या. या घेरात खालून वर जाताना दर इंचाला परीघ सुमारे ४ इंच कमी होतो. सरळ पट्टीचा खालचा काठ १५६ ला बसला तर वरच्या काठाला १ इंच पट्टीत ४ इंच आणि २ इंच पट्टीत ८ इंच कापड जादा राहतं. एक इंच असेल तर प्रत्येक जोडापाशी एक-तृतीयांश इंचाची चुणी घालून ते सहज लपतं. दोन इंचांत तीच चुणी दुप्पट होते आणि पट्टी जागोजागी फुगते. रुंदच हवी असेल तर उरेब पट्टी कापून इस्त्रीने वळवावी लागेल.

पट्टी सव्वाचार मीटर घ्या. आधी खालचा काठ शिवा, चुण्या टाचा, मग वरचा.

लाल सुती पट्टी शिवण्याआधी तपासा. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. रंग उतरला तर ती पट्टी नाहीच लावायची, धुतल्याशिवाय घामानेसुद्धा झगा गुलाबी होतो. पॉलिस्टरची साटीन फीत बहुधा रंग सोडत नाही, पण तीही तपासूनच घ्या.

नेपथ्यकोपरा:
टोपीबद्दल लिहिते. वासुदेव दुरून ओळखला जातो तो टोपीमुळे, म्हणून झग्याइतकाच वेळ तिला द्या.

१८ इंच उंच फार झाली. उंची वाढली की तोल जातो. तिरकी बाजू १५ इंच पुरेशी आहे आणि आखणीही सोपी: १५ इंच त्रिज्येचा पाव गोल. त्याचा खालचा काठ साडेतेवीस इंच येतो. एका सरळ बाजूला एक इंचाची पट्टी जास्त सोडा, ती दुसऱ्या बाजूखाली सरकवून शिवा. डोकं साडेबावीस, उरलेला एक इंच आतलं अस्तर आणि घामपट्टी खातात.

पुठ्ठा घामाने मऊ पडतो. जाड बक्रम (खळीने कडक केलेलं कापड) वापरा. बाहेरून गडद हिरवं किंवा निळं सुती कापड चढवा, म्हणजे पिसांच्या फटींतून पांढरं डोकावणार नाही. आतून पांढरं सुती अस्तर. खालच्या काठात खोक्यांना बांधतात ती प्लास्टिकची पट्टी घालून दुमडा. काठ आकार धरतो आणि डोक्याप्रमाणे लांबट होतो. लोखंडी तार नको, एकदा वाकली की कपाळाला रुतते.

चिकटवायचं की शिवायचं, तर शिवायचं. पांढरा फेविकॉल पाण्याचा असतो आणि बक्रमचा कडकपणा खळीचा. ओल लागली की खळ सुटते आणि शंकू तिथे खचतो. ग्लूगनचा गोंद देठाच्या गुळगुळीत पृष्ठावर नीट धरत नाही, गिरकीत पीस सुटून येतं. मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने देठावरून आडवे टाके घाला, देठातून सुई नेऊ नका, देठ उभा चिरतो. प्रत्येक पिसाला दोन जागी दोन-दोन टाके. बक्रमला १६ नंबर सुई आणि अंगठ्याला टोपण.

देठाची मागची बाजू ब्लेडने उभी तासून अर्धी करा. अख्खा देठ शंकूवर बसत नाही, टाका सैल झाला की उसळतो. मुडपलेली पिसं किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा फुलतात.

मांडणी कौलांसारखी, डोळा खाली आणि देठ वर, खालच्या ओळीपासून सुरुवात. इंचाला एक पीस धरलं तर खालची ओळ २४, तिच्या ४ इंच वर १७, आणखी ४ वर ११, शेवटी ५. म्हणजे ५७. तुटकी-मुटकी धरून ६५ घ्या. खालच्या ओळीचे डोळे काठाच्या दीड इंच खाली येऊ द्या, पण कपाळावर अर्ध्याच इंच, नाहीतर गायकाच्या भुवयांवर केसर हलत राहतं आणि लक्ष विचलित होतं.

वर सगळे देठ एकत्र येतात तिथे दोऱ्याने गच्च बांधा, जादा कापा आणि वर कळस बसवा. पितळी कळस चांगला दिसतो, पण टोकावरचं वजन गिरकीत टोपीला ओढतं. कागदाच्या लगद्याचा किंवा थर्माकोलचा करून सोनेरी रंगवा, ५० ग्रॅमच्या आत ठेवा.

आता मागे का पडते ते. तुमचं इलास्टिक प्रत्येक बाजूला एकाच बिंदूत जोडलेलं आहे, टोपी त्या बिंदूभोवती पुढे-मागे डुलते. प्रत्येक बाजूला दोन नाड्या लावा, एक कानाच्या पुढे, एक मागे, आणि दोन्ही कानाखाली एकत्र गाठून हनुवटीखाली एकच बांधा. त्रिकोण झाला की डुलणं थांबतं. इलास्टिकऐवजी सुती नाडी. इलास्टिक जबडा उघडला की ताणतं आणि गाणाऱ्याला ते प्रत्येक ओळीला जाणवतं. डोक्याला आधी सुती फडकं घट्ट बांधून मग टोपी घातली तर केसांवरून घसरत नाही.

दिंडीदरवाजा:
दोन गोष्टी राहिल्यात, शेला आणि पिसांची खरेदी.

शेला अडीच मीटर लांब, १८ इंच रुंद, लाल किंवा केशरी. कंबरेच्या जोडावरच दोन वेढे घ्या म्हणजे शिवण झाकली जाते. पावा नुसता खोचला तर हात वर होताना निसटतो. झग्याच्या जोडात डाव्या बाजूला २ इंचांचा कापडी फासा शिवून ठेवा, पावा आधी फाशातून आणि मग शेल्यात. मंजिऱ्यांसाठी उजवीकडे तसाच एक. घुंगरू झग्याच्या काठाला शिवू नका. वजनाने काठ पुन्हा लोंबतो आणि गिरकीत नडगीवर आपटतात. चाळ पायातच बांधावेत.

पिसं झडलेलीच घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मोर पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप झडलेल्या पिसांची देशात विक्री चालते, उपटलेल्यांची नाही. देठाचं टोक पाहा, स्वच्छ पांढरं असेल तर पीस झडलेलं. टोकाला सुकलेलं रक्त असेल तर ती जुडी सोडून द्या. आणि हाच पोशाख पुढे परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाकडे पाठवायचं मनात आलं तर टोपी पाठवता येणार नाही, मोरपिसं देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. तिकडच्यांनी साटीनची करावीत: हिरव्या कापडाचा ५ इंचांचा थेंब, वर तांबूस, मग आकाशी, मग गडद निळा असे लहान होत जाणारे तीन थेंब. कडा मेणबत्तीजवळ फिरवून किंचित वितळवल्या की धागे निघत नाहीत. पांढऱ्या सुती कापडाची कड मात्र जळते, तिथे ही युक्ती नाही.

एक विनंती. वासुदेव हा आपल्याकडे भटक्या जमातींच्या यादीतला समाज आहे. पहाटे दारात येऊन हरिनाम घेणं आणि दान पावल्याचं गाणं ही त्यांची पिढ्यांची उपजीविका. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांनी वासुदेवाच्या रूपकावर रचना केल्या आहेत. म्हणून टोपी अवास्तव उंच, झग्यावर टिकल्या, चमकी असं काही नको. जवळपास कुणी वासुदेव येत असतील तर त्यांना विचारून त्यांची टोपी आणि झगा नीट पाहावा. झग्याचा रंग आणि काठ गावागावांत वेगळे दिसतात, ते पाहूनच ठरवलेलं चांगलं.

टाचणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कापड भिजत घातलं. एक शेवटचं: टोपी तयार झाल्यावर कार्यक्रमापर्यंत आणि नंतर कशी ठेवू? आणि कार्यक्रमाच्या आधी काय तपासू?

नेपथ्यकोपरा:
उभीच ठेवा, आत वर्तमानपत्राचा बोळा भरून, सैल सुती पिशवीत. आडवी ठेवली तर खालच्या बाजूची पिसं चपटी होतात. प्लास्टिकची पिशवी नको, ओल कोंडते आणि पिसांना बुरशी लागते. कसर लागू नये म्हणून पिशवीत कडुनिंबाचा सुका पाला किंवा कापडात बांधलेला कापूर, दर दोन महिन्यांनी बदलायचा. कार्यक्रमानंतर अस्तर ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून मगच पिशवीत. पाण्यात बुडवू नका.

तपासणी चार-पाच दिवस आधी करा, आदल्या रात्री दुरुस्तीला वेळ उरत नाही. पूर्ण पोशाख, शेला, टोपी, चाळ, सगळं घालून दोन्ही हात कानांच्या वर नेऊन पाच मिनिटं टाळ-चिपळ्या वाजवायला सांगा. मग एका दिशेने पाच आणि उलट दिशेने पाच गिरक्या. नंतर झगा उलटा करून काखेचे आठही कोपरे आणि कंबरेचा जोड बघा. टाका ओढलेला दिसला तिथे पुन्हा टीप. टोपी उलटी धरून हलकेच झटका, जे पीस हलेल त्याला आणखी दोन टाके.

मुंढा१८:
त्यात एक भर. कंबरेच्या जोडावर आतून अर्धा इंच रुंद सुती फीत लावून टीप मारा. बारा कळ्यांचं वजन त्या एका शिवणीवर येतं आणि वरच्या भागाचं कापड तिथे ताणून झगा दर वापराला थोडा लांबतो. फीत आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर तीच आटून जोडाला चुण्या पाडेल.